हृदयाचा मेळ

आपल्या घरांतून काही शब्द असे वापरले जातात की, ते कानावर पडताच हातातले काम थांबते. 'हार्ट फेल' हा त्यांपैकीच एक. 'अमक्यांचे वडील गेले.' 'कशानं?' 'हार्ट फेल.' एवढ्यावर संभाषण संपते, कारण पुढे विचारण्यासारखे काही उरतच नाही. हा शब्द आपण लहानपणापासून याच अर्थाने ऐकत आलो. त्यामुळे समोर खुर्चीवर बसलेल्या, चहात साखर कमी का म्हणून कुरकुरणाऱ्या जित्याजागत्या माणसाविषयी डॉक्टर जेव्हा 'यांना हार्ट फेल्युअर आहे' असे सांगतात, तेव्हा घरच्यांच्या पायांखालची वाळूच सरकते.

मी मराठीची अध्यापिका. शब्दांचे अर्थ उलगडून सांगण्यावरच माझी भाजीभाकरी चालते. तेव्हा प्रथम या शब्दाचा अर्थ सांगते. शरीराला जितके रक्त हवे तितके पुरवणे हृदयाला झेपेनासे झाले, की त्याला वैद्यकात 'हार्ट फेल्युअर' म्हणतात. हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नाही. परीक्षेच्या भाषेत बोलायचे तर हा विद्यार्थी नापास झालेला आहे. त्याचे नाव पटावरून कमी झालेले नाही. त्याला ऑक्टोबरला बसता येते. मात्र ऑक्टोबरला बसायचे तर कोणत्या विषयात गुण कमी पडले, हे आधी पाहावे लागते.

या लेखात अशाच एका विषयाची हकीकत सांगायची आहे. काही रुग्णांच्या हृदयाचे बळ तर कमी झालेले असतेच. पण उरलेले बळसुद्धा वाया जात असते, कारण हृदयाच्या स्नायूंचा आपापसातला मेळ बिघडलेला असतो. हा मेळ पुन्हा जुळवून देण्याची एक युक्ती गेल्या तीस-बत्तीस वर्षांत वैद्यकाला साधली आहे. तिचे इंग्रजी नाव 'कार्डिअ‍ॅक रीसिंक्रनायझेशन थेरपी' असे भलेमोठे असून डॉक्टर मंडळी थोडक्यात 'सी. आर. टी.' म्हणतात. मी तिला 'मेळ-उपचार' म्हणते.

या उपचाराशी माझी ओळख झाली ती माझ्या भावोजींमुळे. माझी थोरली बहीण पुण्यास असते. भावोजी त्रेसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी फिरायला जाणारे, येताना मंडईतून स्वतः निवडून भाजी आणणारे. दोन वर्षांपूर्वी त्यांना जिना चढताना मध्येच थांबावेसे वाटू लागले. मग उशीला दुसरी उशी आली, दुसरीला तिसरी. आणि एका रात्री ते पलंग सोडून आरामखुर्चीत बसून झोपले. संध्याकाळी चपलेचे पट्टे पावलांत रुतू लागले. 'वय झालं,' असे ताई म्हणाली. वय बिचारे मुके असल्यामुळे आपण त्याच्या नावावर वाटेल ते खपवतो! आडवे झाले की दम लागणे आणि पाय सुजणे ही वयाची लक्षणे नव्हेत, हे येथे आवर्जून नमूद करते. विशेषतः घरातल्या बायकांना असे होऊ लागले, तर ते लठ्ठपणावर किंवा चाळिशी-पन्नाशीच्या त्रासावर ढकलून दिले जाते. तसे करू नये.

'टू-डी एको' नावाची तपासणी झाली. 'पंपिंग पंचवीस टक्के' असा निकाल आला आणि बंगळूरहून भाच्याचा फोन आला, "मावशी, म्हणजे बाबांचं पाऊण हृदय गेलं का गं?" हा गैरसमज अनेक घरांत होत असेल, म्हणून खुलासा करते. हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात जितके रक्त भरते, त्यातले किती टक्के एका ठोक्यासरशी बाहेर पडते, याचा तो आकडा. निरोगी माणसाचाही आकडा शंभर कधीच नसतो. तो साधारणपणे ५५ ते ७० असतो. तेव्हा पंचवीस हा काळजीचा आकडा खरा, पण त्याचा अर्थ तीन-चतुर्थांश हृदय गमावले असा नव्हे.

औषधे सुरू झाली. मीठ कमी झाले, पाणी मोजून पिणे आले, रोज सकाळी वजनकाट्यावर उभे राहणे आले. सूज उतरली. उशा तिनावरून दोनावर आल्या. परंतु चार-पाच महिन्यांनंतरही पंपिंग काही तिशीच्या वर जाईना आणि जिनाही पूर्ण चढवेना. तेव्हा डॉक्टरांनी फाइलमधून कार्डिओग्रामचा कागद काढला आणि पेन्सिलीच्या टोकाने त्यावरचे बारीक चौकोन मोजून दाखवले. "इथं पाहा," ते म्हणाले, "ताकद कमी आहेच. पण जी आहे, ती एका वेळी लागत नाही."

त्या चौकोनांत काय होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊन हृदयाची रचना पाहिली पाहिजे.

हृदय मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके देते, म्हणजे दिवसाला लाखाच्या वर. प्रत्येक ठोक्याचा हुकूम सुटतो तो उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातल्या एका चिमुकल्या ठिकाणाहून. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघा ब्रिटिश संशोधकांनी हे ठिकाण दाखवून दिले. तेथून निघालेली विजेची सूक्ष्म लहर वरच्या दोन्ही कप्प्यांतून पसरते आणि मध्यावर एका नाक्याशी क्षणभर थांबते. हा नाका १९०६ साली जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने शोधला. तेथे ती थांबते हे फार सोयीचे आहे, कारण तेवढ्या अवधीत वरच्या कप्प्यांतले रक्त खालच्या कप्प्यांत उतरते. नाका ओलांडला की पुढे राजमार्ग लागतो. त्याला दोन फाटे. एक उजव्या खालच्या कप्प्याकडे जाणारा, दुसरा डाव्याकडे. या फाट्यांवरून लहर इतक्या वेगाने धावते की, खालच्या कप्प्यांतले सगळे स्नायू सेकंदाच्या दशांश भागात, जणू एकाच क्षणी, आवळले जातात.

या सगळ्या घडामोडीचा आलेख म्हणजे कार्डिओग्राम. तो काढण्याचे यंत्र सिद्ध करणारे विलेम आइंटहोवेन यांचा जन्म जावा बेटावरचा. या कामाबद्दल त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आलेखातला उंच सुळका म्हणजे खालच्या कप्प्यांचा ठोका. कागदावरच्या एका बारीक चौकोनाची रुंदी म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, म्हणजेच ४० सहस्रांश सेकंद. निरोगी माणसाचा सुळका तीन चौकोनांच्या आत आटोपतो. भावोजींचा सुळका चार चौकोन भरून पुढे गेला होता.

याचे कारण त्यांच्या हृदयातला डावा फाटा बंद होता. डॉक्टर त्याला 'लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक' म्हणतात. अशा हृदयात लहर उजव्या फाट्याने वेळेवर पोचते. पण डावीकडे जायला तिला रस्ताच नसतो. मग ती स्नायूंतून, शेताच्या बांधाबांधाने चालत गेल्यासारखी, कशीबशी डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीपाशी जाऊन पोचते. तोवर मधल्या पडद्याचे आकुंचन उरकलेले असते. बाहेरची भिंत आवळू लागते तेव्हा पडदा सैल पडत असतो, आणि पुढे जायचे रक्त आतल्या आतच इकडून तिकडे हिंदकळते.

सतरंजी धुतल्यावर ती पिळायला दोघे लागतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. एकीने एक टोक धरायचे, दुसरीने दुसरे. आणि दोघींनी एकाच वेळी पीळ द्यायचा. एकीने पीळ दिला आणि तिचा हात सैल पडल्यावर दुसरीने दिला, तर दोघींचेही हात दुखतील आणि सतरंजी मात्र ओलीच राहील. दोघी अशक्त असतील तर पाणी कमी निघणारच. परंतु अशक्त असूनही त्यांनी एका वेळी पिळले, तर आहे त्या ताकदीत पुष्कळ पाणी निघेल. मेळ-उपचाराचे सारे मर्म या सतरंजीत आहे.

डावा फाटा बंद असलेल्या प्रत्येकाला हृदयाची दुर्बलता असतेच असे नाही, आणि दुर्बल हृदयाच्या प्रत्येक रुग्णाचा फाटा बंद असतोच असेही नाही. पंपिंग उतरलेल्या रुग्णांपैकी साधारण पाव ते एकतृतीयांश रुग्णांचा सुळका असा रुंद झालेला आढळतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता युक्तीकडे वळू. तिची आई म्हणजे पेसमेकर. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का इस्पितळात, आके सेनिंग या शल्यविशारदाने आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. तो घडवला होता रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने, आणि त्याचे सगळे भाग एका बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ओतून बसवलेले होते! लार्सन यांच्या हृदयाचे ठोके मध्येच थांबत आणि त्यांना दिवसातून अनेकदा मूर्च्छा येई. त्यांच्या पत्नीने, एल्से-मारी यांनी, त्या दोघांचा पिच्छा पुरवला म्हणूनच हे धाडस घडले. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. पुढे लार्सन यांनी आयुष्यभरात वीसहून अधिक पेसमेकर वापरले आणि ते वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, २००१ साली वारले. तोवर त्यांना वाचवणारे सेनिंग आणि एल्मक्विस्ट हे दोघेही त्यांच्याआधी जगाचा निरोप घेऊन गेले होते.

पेसमेकरने मंद हृदयांना गती दिली. पण त्यात एक खोच होती. त्याची तार बहुधा उजव्या खालच्या कप्प्यात टोचलेली असते. तेथून निघालेली लहर राजमार्ग सोडून स्नायूंतून रांगत डावीकडे जाते. म्हणजे डावा फाटा बंद पडल्यावर जे होते, तेच येथे माणसाच्या हातून होते. वरच्यावर टोचून चेतवलेल्या हृदयाचे आकुंचन कमी जोराचे असते, हे अमेरिकेतल्या कार्ल विगर्स यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून १९२५ सालीच दाखवले होते. कित्येक वर्षे त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. ठोके चालू राहिले, एवढ्यावरच सर्वांचे समाधान होते.

मग कुणीतरी साधा प्रश्न विचारला. उजवीकडून टोचल्याने मेळ बिघडत असेल, तर डावीकडूनही त्याच क्षणी टोचले तर?

फ्रान्समध्ये सर्ज काझो आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रश्न प्रत्यक्ष रुग्णावर सोडवून पाहिला आणि त्याचा वृत्तांत १९९४ साली प्रसिद्ध केला. तो रुग्ण चोपन्न वर्षांचा होता. हृदयाची दुर्बलता शेवटच्या पायरीला पोचलेली. बसल्या जागीही दम लागावा अशी अवस्था. त्याच्या आलेखातला सुळका २०० सहस्रांश सेकंद, म्हणजे पाच चौकोन रुंद होता. डॉक्टरांनी आधी चार तात्पुरत्या तारा घालून चाचणी घेतली. हृदय अधिक रक्त फेकू लागले आहे, असे दिसल्यावर चारही कप्प्यांना तारा जोडून कायमचे यंत्र बसवले. सहा आठवड्यांत त्या माणसाच्या पायांवरची सूज नाहीशी झाली आणि वजन सतरा किलोंनी उतरले. हे सतरा किलो म्हणजे अंगात साठून राहिलेले पाणी! हृदयाला त्यांनी नवे बळ दिले नव्हते, नवा स्नायू लावला नव्हता. फक्त दोन्ही हातांना एका वेळी पीळ द्यायला शिकवले होते. त्याच सुमारास नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे पॅट्रिशिया बाकर यांच्या चमूचेही याच दिशेने प्रयत्न चालू होते.

एका रुग्णाच्या बऱ्या होण्याने शास्त्र सिद्ध होत नाही. आपल्याकडे एकाला गुण आला की ते औषध गल्लीभर वाटले जाते. वैद्यकाची रीत निराळी आहे. २००१ साली युरोपात एक मोठी गमतीदार चाचणी प्रसिद्ध झाली. सदुसष्ट रुग्णांना यंत्रे बसवण्यात आली. मग तीन महिने यंत्राचा मेळ चालू, तीन महिने बंद. आणि कोणत्या तिमाहीत काय, हे रुग्णांना सांगितलेले नव्हते. सहा मिनिटांत किती चालता येते, हे मोजले गेले. मेळ बंद असताना सरासरी ३२६ मीटर. चालू असताना ३९९. हा त्र्याहत्तर मीटरांचा फरक कागदावर लहान वाटेल. पण ज्याला कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत पोचता येत नाही, त्याला विचारा. शेवटी कोणती तिमाही बरी वाटली असे विचारल्यावर शंभरांतल्या पंच्याऐंशी जणांनी मेळ चालू असलेली तिमाही निवडली.

चालणे वाढले, पण आयुष्य वाढले का? त्याचे उत्तर २००५ साली मिळाले. युरोपातल्या ८१३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नुसती औषधे, दुसऱ्याला औषधे आणि मेळ-उपचार. सरासरी एकोणतीस महिने त्यांच्यावर लक्ष ठेवले. नुसत्या औषधांच्या गटात शंभरांपैकी तीस रुग्ण दगावले. मेळ-उपचाराच्या गटात वीस. उरलेल्या दहा घरांची दिवाळी कशी झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हे आकडे डॉक्टरांनी सांगितल्यावरही आमच्या घरचा निर्णय सोपा नव्हता. खर्च काही लाखांच्या घरात जाणारा. भाच्याचे म्हणणे, आणखी सहा महिने थांबू. ताई काहीच बोलेना. ती स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुऊ लागली. आणि डॉक्टरांनी प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट सांगितली होती: हा उपचार केलेल्या रुग्णांपैकी साधारण एकतृतीयांशांना म्हणावा तसा लाभ होत नाही.

भावोजींनी बँकेत चाळीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासलेले. ते म्हणाले, "डॉक्टर, मी त्या तिसऱ्या हिश्श्यात निघालो तर?"

"तर औषधं चालूच राहतील," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचा डावा फाटा पूर्ण बंद आहे, आणि सुळका दीडशेच्या वर आहे. ज्यांना सर्वांत जास्त फायदा होतो, त्यांच्यात तुमचा कागद बसतो. याहून जास्त हमी मी देणार नाही."

वाचकहो, या संवादातले 'दीडशे' फार महत्त्वाचे आहेत. सुळका १५० सहस्रांश सेकंदांहून रुंद, डावा फाटा बंद, पंपिंग ३५ टक्के किंवा त्याखाली, आणि योग्य औषधे निदान तीन महिने पुरत्या मात्रेत घेऊनही त्रास चालूच, अशा रुग्णाला या उपचाराचा लाभ सर्वांत अधिक. सुळका थोडा कमी रुंद असला, तरी काहींचा विचार होतो. त्यातही स्त्रियांना लाभ अधिक होतो, असे दिसून आले आहे. परंतु सुळका अरुंद असेल, तर हा उपचार करू नये. हे नुसते तर्काने ठरलेले नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुळका १३० पेक्षा अरुंद असलेल्या ८०९ रुग्णांना यंत्रे बसवली. निम्म्यांचा मेळ चालू ठेवला, निम्म्यांचा बंद. चाचणी मध्येच थांबवावी लागली. मेळ चालू असलेल्यांत पंचेचाळीस मृत्यू झाले होते. बंद असलेल्यांत सव्वीस. ज्यांचा मेळ बिघडलेलाच नव्हता, त्यांचा तो जुळवायला जाऊन उलट अपायच झाला. तेव्हा 'शेजारच्या काकांना यंत्रानं बरं वाटलं, आपणही बसवू' हा हिशेब येथे चालत नाही.

त्या रात्री भावोजींनी स्वतःच विषय मिटवला. "मुदतठेवी मोडायच्या की नाही, ते तुम्ही बघा," ते ताईला म्हणाले, "पण माझी मुदत वाढवायचा अर्ज मात्र माझा मीच करणार." आणि संमतीपत्रावर त्यांनी बँकेतल्यासारखी, खाली दोन रेघा ओढलेली सही केली.

शस्त्रक्रिया म्हणजे छाती उघडणे नव्हे. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली जागा बधिर करून लहानसा छेद घेतात आणि शिरेतून तीन तारा हृदयात सोडतात. एक वरच्या उजव्या कप्प्यात, दुसरी खालच्या उजव्या कप्प्यात. तिसरी तार डाव्या बाजूची, आणि सगळे कौशल्य तिच्यातच आहे. हृदयाने स्वतः वापरलेले रक्त परत आणणारी एक शीर उजव्या वरच्या कप्प्यात येऊन मिळते. नदीच्या मुखातून शिरून उगमाकडे जावे, तशी ही तार त्या शिरेत उलट शिरवून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर नेऊन ठेवतात. प्रत्येकाच्या शिरांचा नकाशा निराळा; कुणाची वाट सरळ, कुणाची घाटाची. मग तिन्ही तारा काडेपेटीहून थोड्या मोठ्या यंत्राला जोडून ते यंत्र कातडीखाली ठेवून देतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार सरकणे, फुप्फुसाला इजा होणे हे धोके थोड्यांच्या वाट्याला येतात. पण येतात, म्हणून सहीपूर्वी ते समजून घ्यावेत.

यंत्रांचे दोन प्रकार आहेत. एक नुसता मेळ राखणारा. दुसरा मेळ राखून शिवाय, हृदय जीवघेण्या वेगाने फडफडू लागले तर विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणणारा. दुसरा अधिक महाग आणि आकारानेही मोठा. कोणता कोणाला हवा, हे वय, हृदयाचा मूळ आजार आणि इतर व्याधी पाहून ठरते. 'महाग ते चांगले' हा साडीच्या दुकानातला नियम येथे लागू नाही.

भावोजी तिसऱ्या दिवशी घरी आले. चौथ्या दिवशी त्यांना चमत्कारिक उचक्या लागल्या. डाव्या कुशीवर वळले की पोट उडे. ताई घाबरली. पण तो प्रकार साधा निघाला. डाव्या तारेजवळून श्वासपटलाची मज्जा जाते. तिलाच ठोके पोचत होते. इस्पितळात तंत्रज्ञाने छातीवर एक चकती ठेवून, संगणकावर दोन-चार आकडे बदलून, टाका न उसवता त्या उचक्या थांबवल्या. सहा महिन्यांनी पंपिंग अडतीस टक्के झाले. पंचावन्न नव्हे, अडतीस. औषधे चालू आहेत, मीठ कमीच आहे. पण उशी एकच आहे, आणि मंडईतली भाजी पुन्हा भावोजीच आणतात. दोन मजले ते एका दमात चढत नाहीत. पहिल्या मजल्यावर जोशीकाकूंशी दोन शब्द बोलायला थांबतात. दम घेतो असे मात्र म्हणत नाहीत.

यंत्रासोबत काही नियम घरात येतात. मोबाइल यंत्राच्या बाजूच्या खिशात ठेवायचा नाही. यंत्राचे कार्ड नेहमी जवळ बाळगायचे, विमानतळावर ते दाखवायचे. एम. आर. आय. काढण्यापूर्वी यंत्राविषयी सांगायचे. ठरल्या दिवशी तपासणी करायची. कारण दिवसातले जवळजवळ सगळे ठोके यंत्राच्या ताब्यात राहिले, तरच खरा लाभ होतो. बॅटरी साधारणपणे पाच ते आठ वर्षे टिकते आणि मग यंत्र बदलावे लागते. तो खर्च आजच हिशेबात धरावा.

आणखी एक गोष्ट. सणाच्या अंकात ती लिहू नये असे कुणी म्हणेल, पण ती ठाऊक नसल्याने अपघात होतात, म्हणून लिहिते. ज्याच्या शरीरात असे यंत्र आहे, त्याच्या दहनापूर्वी ते डॉक्टरांकडून काढून घ्यावे लागते; आगीत बॅटरीचा स्फोट होतो. अशा काढलेल्या यंत्रांचे काय होते, याची एक हृद्य हकीकत आहे. अमेरिकेतल्या मृतांच्या नातेवाइकांच्या संमतीने काढलेले, तपासून निर्जंतुक केलेले त्रेपन्न साधे पेसमेकर मुंबईतल्या गरजू रुग्णांना बसवले गेले आणि त्याचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. कुणाच्या तरी आजोबांचे ठोके राखून झालेले यंत्र सातासमुद्रांपलीकडे दुसऱ्या कुणाचे ठोके राखू लागले.

विद्या पुढे चाललीच आहे. डाव्या बाजूने तार नेण्याऐवजी बंद पडलेला राजमार्गच पुन्हा चालू करता येईल का, हा आजचा ध्यास आहे. २००० साली अमेरिकेत डॉ. प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बल हृदयाच्या रुग्णांत मूळ राजमार्गावरच तार टोचून ठोके चालवून दाखवले. २०१७ साली चीनमधील वेइजियान ह्वांग यांच्या चमूने बंद जागेच्या पलीकडे, थेट डाव्या फाट्यावरच, तार पोचवल्याची हकीकत प्रसिद्ध केली. ही रीत आता भारतातही अनेक ठिकाणी वापरली जाते.

शेवटी, घरात कुणाला हृदयाच्या दुर्बलतेचे निदान झाले, तर डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारा. पंपिंग किती टक्के? कार्डिओग्रामातला सुळका किती रुंद, आणि डावा फाटा बंद आहे का? औषधे पुरत्या मात्रेत, पुरते महिने झाली का? या प्रश्नांनी कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. उलट समोरच्याने विचार केला आहे, असे पाहून बरे वाटते.

दिवाळीच्या साफसफाईत आपण कपाटे रिकामी करतो आणि जुने कागद रद्दीत घालतो. त्यात घरातल्या वडीलधाऱ्यांचे जुने कार्डिओग्राम सापडले, तर टाकू नका. त्या गुळगुळीत कागदावरच्या रेघा काही वर्षांत पुसट होतात, म्हणून त्यांच्या झेरॉक्स प्रती काढून तारखेसह फाइलला लावा. डावा फाटा केव्हा बंद पडला आणि सुळका केव्हापासून रुंदावत गेला, हे सांगणारा दुसरा साक्षीदार घरात नसतो.